डंपलिंगच्या दुकानाचं मागचं दार

लिफ्ट मध्येच अडकली की माणसं आधी सगळी बटणं दाबून पाहतात, मग दार बडवतात आणि घाम फुटला की मिस्त्रीला फोन करतात. आपला लिफ्टमिस्त्री अशा वेळी हातातलं काम टाकून निघायचा. दुरुस्तीला हात घालण्याआधी तो दाराच्या फटीला तोंड लावून आतल्या माणसांशी बोलायचा. "काही झालेलं नाही. जरासा खटका बसलाय. दोन मिनिटांत बाहेर याल." वर मशीनच्या खोलीत जाऊन काय दिसेल, ब्रेक धरून बसला असेल की आणखी काही, याचा त्याला पत्ता नसायचा. कधी दोन मिनिटांचा तास व्हायचा. पण त्याच्या आवाजाने आतली माणसं शांत व्हायची, आणि बाहेर आल्यावर तासाचा हिशेब कोणी मागायचं नाही. गोड बोलून वेळ मारून नेण्याची ही सवय त्याच्या अंगात मुरली होती. तिला खोटेपणा म्हणावं, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याच्या बायकोच्या हाताला चव होती. हे तो सांगायचा त्याहून जास्त लोक सांगायचे. साधी कोबीची भाजी केली तरी शेजारची वाटी घेऊन दारात उभी. मिस्त्रीची धाकटी बहीण याच गावात राहायची. ती भावाला भेटायच्या निमित्ताने वहिनीच्या हातचं जेवायला यायची आणि हे उघडपणे कबूल करायची. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दोघंच होती, तरी बायकोचं स्वयंपाकघर पहिल्यासारखंच भरलेलं असायचं.

मग तिला ताप आला. चांगला लांबला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पण नाक मेलं ते मेलंच. चहाला वास नाही, साबणाला नाही, जळत्या दुधालाही नाही. हळूहळू लक्षात आलं की जिभेवरही काही उमटत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधीकधी वेळ लागतो, कधीकधी येतही नाही.

उठून बसायला लागल्यावर तिने पहिल्यांदा स्वयंपाक केला, तो दिवस मिस्त्रीच्या चांगला लक्षात राहिला. रश्शात मीठ दोनदा पडलं होतं आणि लसूण करपून कडू झाला होता. त्याने पहिला घास घेतला. ती समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. आजारातून उठलेला तो चेहरा, गालाची हाडं वर आलेली.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"पहिल्यासारखं," तो म्हणाला.

तिचा चेहरा असा काही उजळला की त्याने आणखी एक वाटी मागून घेतली. रात्रभर पाणी पीत राहिला.

तेव्हाच सांगितलं असतं तर चाललं असतं. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. पण "पहिल्यासारखं" म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी "मीठ जास्त आहे" म्हणायचं कसं? म्हणजे आधीचे दोन दिवस खोटं बोललो, हे आलंच. त्यापेक्षा पाणी पिणं सोपं. बायकोला मात्र धीर आला. "नाक गेलं तरी हात विसरलेला नाही," असं ती शेजारणीला सांगताना त्याने ऐकलं आणि तो मुकाट्याने बूट घालून कामाला निघून गेला.

घरचं जेवण तो कसंबसं गिळायचा, पण दुपारच्या डब्याला समोर कोणी बघणारं नव्हतं. सुरुवातीला त्याने डबा एका इमारतीच्या पहारेकऱ्याला दिला. पहारेकरी दोन दिवस खाल्ल्यावर म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण मी आपला घरून आणलेला ब्रेडच खातो." त्यानंतर डबा कुठे रिकामा करायचा, हा प्रश्नच होता.

त्याच सुमारास त्याला ते डंपलिंगचं दुकान सापडलं. एका जुन्या इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे होती. दर महिन्याला कुरकुरणारी, दाराचे रोलर झिजलेली. तिच्या तळमजल्यावर एका चिनी नवरा-बायकोने हे दुकान थाटलं होतं. सहा टेबलं, तीही एकमेकांना टेकलेली. काचेवर कायम वाफ. गल्ल्यावर बायको, आत नवरा. दोघं इथे इतकी वर्षं राहिलेली की बोलणं अगदी इथलं झालेलं. आत जाणाऱ्या दारावर कापडाचा अर्धा पडदा होता, त्याखालून नवऱ्याचे पाय आणि पिठाने पांढरी झालेली चप्पल दिसायची. बांबूच्या गोल टोपल्या एकीवर एक रचलेल्या. टोपलीचं झाकण उचललं की वाफेचा लोट तोंडावर यायचा, आणि तो विरला की आत गुबगुबीत, चुण्या पाडलेली, ओलसर डंपलिंगं दिसायची. आत कोबी, मशरूम, नाहीतर चिकन. बाजूला व्हिनेगरची वाटी, त्यात आल्याचे केसासारखे काप.

पहिलं डंपलिंग मिस्त्रीने घाईने तोंडात टाकलं आणि जीभ भाजून घेतली. दुसरं फुंकून खाल्लं. आतला गरम रस जिभेवर पसरला, मीठ जितकं हवं तितकंच, आणि त्याला एकदम जाणवलं की कित्येक दिवसांत आपण जेवलोच नाही, नुसतं पोट भरत होतो. तो हावऱ्यासारखा जेवला. मग घरचा डबा हातात घेऊन मागच्या गल्लीत गेला, तिथल्या कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला आणि नळावर धुऊन टाकला.

संध्याकाळी बायकोने डबा उघडून बघितला. "सगळं संपवलंत," ती म्हणाली. "उद्या थोडं जास्त देते."

हे रोजचं झालं. काम कुठेही असो, दुपारी त्याची स्कूटर त्या गल्लीकडे वळायची. मालकीणबाई त्याला 'मिस्त्रीसाहेब' म्हणायला लागली. तो कोपऱ्यातलं टेबल धरायचा, शेजारी डबा ठेवायचा आणि खायचा. तोंडात घास असेपर्यंत बरं वाटायचं. पिंपापाशी गेलं की तोंडाची चव जायची. बायको पहाटे उठून, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं पण वास येत नाही असं म्हणत जे करायची, ते त्या पिंपात पडताना मिस्त्री दुसरीकडे बघायचा.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतःशीही कधी नीट बोलून दाखवली नाही. आलं आणि व्हिनेगर यांचा वास शर्टाला धरून राहायचा. दुसरी बायको असती तर दारातच पकडला गेला असता. ही बायको पकडू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या भरवशावर तो बिनधास्त घरी यायचा.

एकदा बहीण घरी आलेली असताना तो कामावरून आला. ती नाक वर करून म्हणाली, "दादा, तुझ्या शर्टाला कसला वास येतोय रे? आंबट आंबट."

"ग्रीसचा," तो म्हणाला. "नवीन डबा फोडलाय."

बायकोने जवळ येऊन त्याच्या खांद्यापाशी नाक नेलं. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग ओशाळून हसली आणि म्हणाली, "येत असेल. मला काय कळणार." आणि चहा ठेवायला आत गेली. मिस्त्री तिथेच उभा होता. शर्ट काढून फेकावा असं वाटलं, अंगावरची कातडी काढून फेकावी असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मशीनच्या खोलीत डबा उघडून बसला. चार घास खाल्ले. पाचवा उतरेना. स्कूटर पुन्हा गल्लीकडे वळली.

आणि मग तो दिवस आला. टोपली नुकतीच समोर आली होती. त्याने पहिलं डंपलिंग उचललं आणि सहज काचेकडे पाहिलं. वाफेतून रस्त्यापलीकडे दोन बायका दिसल्या. एकीच्या हातात छत्री आणि दवाखान्याची पिशवी. बहीण. दुसरी त्याची बायको. नाकाच्या नव्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं, बहीण नेणार होती, हे त्याला माहीत होतं. दवाखाना याच रस्त्यावर आहे, हे कोणी सांगितलं असलं तरी त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. दोघी रस्ता ओलांडून सरळ दुकानाकडेच येत होत्या.

त्या क्षणी तो उठून दारात गेला असता, "अरे, तुम्ही इकडे कुठे?" म्हणाला असता, तरी भागलं असतं. एखाद्या दिवशी बाहेर खाल्लं तर बायको काय फाशी देणार होती? पण त्याचे पाय दाराकडे गेलेच नाहीत. तो पडदा बाजूला करून सरळ स्वयंपाकघरात घुसला.

आत मालकीणबाईचा नवरा पिठाच्या पारीवर सारण ठेवत होता. त्याने मान वर करून पाहिलं. मिस्त्रीने मागच्या दाराकडे बोट केलं आणि हात जोडले. नवऱ्याने खांदे उडवले आणि पुन्हा चुण्या पाडायला लागला. दार चार पावलांवर होतं. तेव्हा मिस्त्रीला आठवलं, डबा टेबलावरच राहिला.

बाहेरून बहिणीचा आवाज आला. "वहिनी, इथे बस. हे रिकामं दिसतंय."

"रिकामं कुठे, टोपली आहे की कोणाची तरी."

"ते आमचे मिस्त्रीसाहेब," मालकीणबाई म्हणाली. "आत्ता इथेच होते. हात धुवायला गेले असतील. तुम्ही बसा, ते सरकून घेतील. रोजचे आहेत."

पडद्याखालून मिस्त्रीला बायकोच्या चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा पट्टा त्यानेच शिवून आणला होता. चपला हलल्या नाहीत.

"हा डबा त्यांचाच का?" बायकोचा आवाज.

"हो, त्यांचाच. रोज आणतात. पण खाताना काही मी त्यांना पाहिलं नाही." मालकीणबाई हसली. मनात काही नसलेलं हसणं होतं ते. "खरं सांगू, मागच्या पिंपात ओततात. मी एकदा म्हणणारच आहे त्यांना. पालिकेच्या माणसाला वाटतं आमच्याच दुकानातलं अन्न फुकट जातंय."

"वहिनी..." बहीण म्हणाली.

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. तो आवाज मिस्त्री झोपेतही ओळखला असता.

"खाऊन बघ," बायको बहिणीला म्हणाली.

"जाऊ दे ना, वहिनी."

"खा. आणि मला खरं सांग. तुला माझी शपथ."

आत टोपल्यांखालचं पाणी खदखदत होतं. मालकीणबाईचा नवरा हात थांबवून मिस्त्रीकडे बघत होता. मिस्त्रीने मान खाली घातली. एका हाताने पडदा बाजूला केला असता तर तो बायकोच्या समोर उभा राहिला असता. लिफ्टच्या आत अडकलेल्या अनोळखी माणसांशी जो फटीतून धीर देत बोलायचा, त्याला पडद्याच्या या बाजूने एक शब्द काढता आला नाही.

"खारट आहे," बहीण शेवटी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "खूप खारट आहे गं. आणि करपलंय."

"नेहमीच असतं?"

"तू घरी जेवायला थांब म्हणतेस तेव्हा मी काहीतरी कारण काढून निघते, ते मग कशासाठी?"

"बरं," बायको म्हणाली. एवढंच. मग मालकीणबाईला म्हणाली, "एक टोपली आणा आम्हाला. दमलोय दवाखान्यात बसून."

मिस्त्री मागच्या दाराने बाहेर पडला. गल्लीत पिंपाला वळसा घालून इमारतीत शिरला, लिफ्ट असूनही जिना चढून गच्चीवर गेला आणि मशीनच्या खोलीत जाऊन पालथ्या बादलीवर बसला. मोटर सुरू व्हायची, दोर सरकायचे, थांबायचे. खाली कोणीतरी वरखाली करत होतं. फोन येईल असं त्याला वाटत होतं. आला नाही. बायकोने आरडाओरडा केला असता, चारचौघांत बोल लावला असता तर तो सोसला असता. तिने एक टोपली मागवली होती, हे त्याला सोसवेना. तिला त्यातलं काय कळणार होतं?

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा स्वयंपाकघरात दिवा नव्हता. ओटा कोरडा होता. बायको खुर्चीत बसून उशीचा अभ्रा शिवत होती. टेबलावर ब्रेड आणि उकडलेली अंडी झाकून ठेवली होती.

"मीठ वरून घ्या तुम्हाला हवं तेवढं," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. "मी आज..."

"माहितेय. आत होतात. पडद्याखालून तुमचे बूट दिसत होते मला."

ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. त्याला तिच्या चपला दिसत होत्या, तसे तिला त्याचे बूट दिसत होते. म्हणजे तिने डबा उघडला, बहिणीला चाखायला लावला, शपथ घातली, ते सगळं तो ऐकतोय हे माहीत असताना. आणि तो बाहेर येतो का, याची ती वाट बघत होती. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला. तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"तुला वाईट वाटू नये म्हणून..." तो म्हणाला.

"सुरुवातीला तसंच असेल." तिने दोरा दाताने तोडला. "पण आज माझी मला लाज वाटायची वेळ आली, त्याचं काय? मी शेजारणीला काय सांगत सुटले, आठवतंय? सगळ्या इमारतीला माहीत असणार. मुलीला फोनवर सांगितलं, बाबा डबा चाटूनपुसून खातात. माझं नाक गेलं, ते कोणाच्या हातात नव्हतं. माझं हसं मात्र तुम्ही केलंत."

सुईत नवा दोरा ओवत तिने विचारलं, "आणि तो ग्रीसचा वास?"

"व्हिनेगर होतं," तो म्हणाला. हे दोन शब्द बोलायला त्याला आयुष्यात सगळ्यात जास्त कष्ट पडले असतील.

तिने अभ्रा घडी करून ठेवला आणि झोपायला गेली.

त्यानंतर बरेच दिवस तिने चूल पेटवली नाही. भांडण नव्हतं. विचारलेल्याला उत्तर द्यायची, कपडे वाळत घालायची, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल लावून द्यायची. पण ओटा कोरडा. मिस्त्री भात शिजवायला शिकला, तो कधी गिचका व्हायचा, कधी टणक. दोघं समोरासमोर बसून खायची. ती निमूट खायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघायचा, बरं झालंय का विचारावं म्हणून. विचारायचं कोणाला, हे लक्षात येऊन पुन्हा खजील व्हायचा.

डंपलिंगच्या दुकानात जायला त्याला तोंड नव्हतं. पण लिफ्ट तिथलीच, आणि ती बिघडलीच. काम आटपून तो चोरासारखा काचेसमोरून निघाला, तर मालकीणबाई दारात आली.

"मिस्त्रीसाहेब, एक बोलायचंय. त्या तुमच्या मिसेस होत्या, हे मला मागाहून कळलं. आधी कळतं तर मी एवढं बोलले नसते. मला वाईट वाटलं त्याचं." तो काही म्हणणार तोच ती पुढे म्हणाली, "पण माझ्या स्वयंपाकघरातून असं पुन्हा पळायचं नाही. माझा नवरा विचारत होता, हा माणूस कोणाचं काय चोरून पळतोय. आणि त्या पिंपात काही टाकायचं नाही."

आजूबाजूची चार माणसं ऐकत होती. मिस्त्री "हो" म्हणाला. तिचं काही चुकत नव्हतं.

घरी येऊन त्याने हे सगळं बायकोला सांगितलं, चोरून पळण्यासकट. का सांगितलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. ती ऐकत राहिली, आणि "चोरून पळतोय" ऐकल्यावर तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कांदा चिरल्याचा आवाज आला. तो दारात जाऊन उभा राहिला.

"आत या," ती म्हणाली. "लसूण टाकलाय. वास कसा येतोय ते सांगा."

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? कच्चा, भाजलेला, करपायला आलेला?"

त्याने नाक पुढे केलं. आयुष्यभर जेवला होता, पण लसूण भाजल्याचा वास कधी सुरू होतो आणि कधी संपतो, याकडे त्याने लक्ष दिलं नव्हतं. "आता... आता बदलला," तो म्हणाला. तिने लगेच गॅस बारीक केला. मग चमच्यात रस्सा घेऊन पुढे केला.

"बरा आहे," तो सवयीने म्हणाला.

तिने चमचा खाली ठेवला नाही. नुसती बघत राहिली. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"खारट आहे," तो म्हणाला. "थोडं पाणी घाल."

हे म्हणताना त्याची जीभ जड झाली होती. पुढेही कितीतरी दिवस होत राहिली. रोज सकाळी दोघं ओट्याशी उभी राहायची, आणि रोज त्याच्या तोंडून आधी "छान" यायचं, मग खरं. जेवण पहिल्यासारखं झालं नाही. कधी बरं व्हायचं, कधी नाही. नाही झालं तर तो सांगायचा आणि दोघं तेच खायची.

एका दुपारी तीच म्हणाली, त्या दुकानात चला. मिस्त्रीने नाना सबबी सांगितल्या. ती चपला घालून दारात उभी राहिली. तिथे कोपऱ्यातलं टेबल टाळून तो मधल्या टेबलावर बसला. मालकीणबाईने टोपली आणून ठेवली, बायकोकडे बघून हसली, त्याच्याकडे बघून नाही.

"चव नाही कळत तर कशाला हौस?" तो हळूच म्हणाला.

"मऊ लागतात," ती फुंकत म्हणाली. "आधी मऊ, मग आतलं कुरकुरीत, मग एकदम गरम. त्या दिवशी डोकं सुन्न झालं होतं, तरी तेवढं कळलं मला." तिने तीन खाल्ली. त्याने एक. तिच्यासमोर त्याच्या घशाखाली उतरेना.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी बहिणीला जेवायला बोलावलं. बहीण आली, पण ताटावर बसताना जरा बिचकतच होती. बायकोने वाढता वाढता सांगून टाकलं, "मीठ यांनी घातलंय. नावं ठेवायची असतील तर यांना ठेव."

बहिणीने घास घेतला. मिस्त्री ताटाकडे बघत राहिला, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"अळणी आहे, दादा," बहीण म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि उठून मिठाचं भांडं घेऊन आला.